धुळ्याच्या टोकाला कोण आहे?

दार लावलं की मी ते एकदा ढकलून बघते. मग दोन पायऱ्या उतरते, परत वर येते आणि पुन्हा ढकलते. जळगावच्या मेहरूण भागातल्या आमच्या गल्लीतल्या बायका हे रोज बघतात आणि तोंडाला पदर लावून हसतात. त्यांचं चुकत नाही. मला स्वतःलाही अधूनमधून हसू येतं. पण ढकलल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. ही सवय कामाने लावली की सवयीमुळे हे काम मिळालं, ते आता सांगता यायचं नाही. दोन गावांतले कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांना जोडून देणं आणि मधल्या कुणाला त्यांचं बोलणं कळू न देणं, हा माझा धंदा. अंकासाठी नोकरीतल्या गमतीजमती लिहा, असं सांगणं आलं तेव्हा मी हो म्हटलं. गमती आहेत, नाही असं नाही. पण लिहायला बसले की तीनदा उठते, पाणी पिऊन येते, आणि परत बसल्यावर तोच एक दिवस समोर येतो. तेव्हा तोच लिहून टाकते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात बसस्टँडजवळ आमचं तीन माणसांचं दुकान होतं. कॉम्प्युटर विकायचे, जिनिंगवाल्यांचे प्रिंटर दुरुस्त करायचे, शाळांना फ्लॉपी पुरवायच्या. मी तिघांतली एकटी बाई, धुळ्याहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेली. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचं, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायचे, "बोला, साहेबच बोलताहेत."

एक दिवस नानांनी बोलावलं. नाना म्हणजे पॅथॉलॉजीचे डॉक्टर. त्यांची मोठी लॅब जळगावात आणि धुळ्यात एक छोटं सेंटर. धुळ्याचं सेंटर युवराज आबा चालवायचे. पन्नाशी ओलांडलेला, डोक्यावर पांढरी टोपी, हातात सुई धरली की पोर रडायच्या आत रक्त काढून मोकळा होणारा माणूस. आबा रक्त घ्यायचे, बाटल्या सकाळच्या एसटीने जळगावला पाठवायचे, तपासणी इथे व्हायची आणि रिपोर्ट फॅक्सने धुळ्याला जायचा. फॅक्सचं यंत्र मात्र सेंटरमध्ये नव्हतं. ते समोरच्या एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात. रिपोर्टचा कागद तिथल्या काउंटरवर येऊन पडायचा आणि आबांना सवड झाली की ते रस्ता ओलांडून घेऊन यायचे. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. नानांनाही नाही, हे ते स्वतःच म्हणाले.

मग त्या काउंटरवर रंजनाचा कागद आला. विशीतली बाई, कडेवर तान्ही मुलगी, नवरा आजारी पडून गेलेला. तिची एड्सची तपासणी होती आणि रिपोर्ट वाईट होता. तिच्या सासरच्या गावचा एक माणूस नेमका झेरॉक्सला आलेला. त्याने कागद वाचला. आबा रस्ता ओलांडून येण्याआधी तो माणूस गावच्या गाडीत बसला होता. दिवस मावळायच्या आत रंजनाला लेकरासकट घराबाहेर काढलं. तिचा रिपोर्ट तिला कळला तो सासूच्या तोंडून.

"अलका," नाना मला म्हणाले, "मला अशी तार पाहिजे की मी इथून पाठवलेलं धुळ्यात फक्त आबांना वाचता आलं पाहिजे. तिसऱ्याला नाही. जमेल?"

मी जमेल म्हटलं आणि घरी येऊन आठ दिवस पुस्तकं उलटीपालटी केली. व्हीपीएन हा शब्द मीसुद्धा तेव्हा नव्यानेच वाचत होते.

आता हे काय असतं ते सांगते, घाबरू नका. दोन्ही गावांत एकेक राउटर ठेवायचा. राउटर म्हणजे वहीएवढी पेटी, तिला तारा आणि मिणमिणते दिवे. जळगावची पेटी कागद कुलूपबंद करणार, इंटरनेटच्या उघड्या रस्त्यावरून धाडणार, धुळ्याची पेटी कुलूप काढणार. अडचण अशी की कुलूप काढायची चावी दोघींकडे एकच पाहिजे. ती एकीने दुसरीला पाठवायची कशी? रस्ता तर उघडाच आहे.

याची युक्ती मला अजूनही भारी आवडते. समजा जळगावची एक विहीण आहे आणि धुळ्याची एक. दोघींनी आधी सगळ्यांदेखत ठरवलं की साधा रस्सा असा असा करायचा. मग जळगावच्या विहिणीने त्यात आपला घरचा काळा मसाला टाकला, जो ती कुणाला सांगत नाही. धुळ्याच्या विहिणीने आपला टाकला. दोघींनी आपापला डबा एसटीच्या कंडक्टरबरोबर एकमेकींना पाठवला. आलेल्या डब्यात प्रत्येकीने पुन्हा आपला मसाला घातला. आता दोन्ही घरांतल्या रश्शात दोन्ही मसाले पडले, चव अगदी एक झाली. कंडक्टरने वाटेत दोन्ही डबे चाखले असतील, पण रश्शातून मसाला परत वेगळा काढणं त्याच्या बापाला जमायचं नाही. यंत्रांत मसाल्याच्या जागी प्रचंड मोठे आकडे असतात, एवढाच फरक. जी एक चव दोघींना मिळाली, ती त्यांची चावी. पेट्या ही चावी तासातासाला नव्याने बनवतात आणि जुनी टाकून देतात.

पण यात एक भोक आहे. कंडक्टर लबाड निघाला तर? त्याने दोघींचे डबे स्वतःच फस्त केले आणि आपल्या हातचे दोन डबे दोघींना दिले तर? दोघींना वाटणार विहिणीचा डबा आला. चावी तयार होईल, पण ती कंडक्टरबरोबर. तेव्हा नुसती चावी बनवून भागत नाही. समोर कोण आहे, याची खूण पटावी लागते. आपल्याकडे दार वाजलं की आपण विचारतो "कोण?" आणि बाहेरून उत्तर येतं "मी". एवढ्यावर आपण दार उघडतो. पेटीला ते चालत नाही.

म्हणून दोन्ही पेट्यांत आधीपासून एक गुप्त शब्द भरून ठेवायचा. हा शब्द तारेवरून कधीच जात नाही. प्रत्येक पेटी तो शब्द आणि नुकत्याच आलेल्या-गेलेल्या आकड्यांची सरमिसळ करून एक खूण काढते आणि दुसरीला दाखवते. दुसरी आपल्याकडे तीच सरमिसळ करून ताडून बघते. जुळली तर तू धुळेच. नाही जुळली तर चालती हो. आणि आमच्याकडे या शब्दावर सगळी भिस्त होती, कारण धुळ्याची पेटी साध्या फोनवरून इंटरनेट लावायची आणि दर वेळी तिला नवा पत्ता मिळायचा. पत्त्यावरून ओळखायची सोयच नव्हती. ज्याच्याकडे शब्द, तो धुळे.

तो शब्द धुळ्याला मी कसा पोचवला, तेही सांगून टाकते, कारण लपवण्यात आता अर्थ नाही. वीस अक्षरं आणि आकड्यांचा अगडबंब शब्द मी बनवला होता. पेटी आबांकडे पोचलेली, फक्त शब्द टाकायचा होता. सेंटरचा फोन नेमका बंद. मग मी जळगावच्या एका एसटीडी बूथमधून धुळ्याच्या त्या झेरॉक्सवाल्याला फोन लावला आणि आबांना बोलवायला सांगितलं. लाईनीत खरखर इतकी की घसा फाटेपर्यंत ओरडावं लागत होतं. "आबा, मोठा एम! मुंबईचा एम! मग सात! मग छोटा के, केळीचा के!" काचेच्या दाराबाहेर पाचसहा माणसं रांगेत होती. मी दुसऱ्यांदा सांगत होते तेव्हा त्यांतल्या एका आजोबांनी दार किलकिलं केलं आणि म्हणाले, "ताई, मघाशी तुम्ही केळीच्या पुढे आठ म्हणाल्या होत्या. आता नऊ म्हणताय." मागच्या दोघांनी मान डोलावली, आठच होता म्हणून. तिकडे धुळ्यात झेरॉक्सवाल्याने आबांना लिहायला सोपं जावं म्हणून तो शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता, हे मला मागाहून कळलं.

मी रात्रभर कूस बदलत होते. सकाळी तो शब्द मोडीत काढला, नवा बनवला, चिठ्ठीची घडी चष्म्याच्या डबीत ठेवली आणि एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एसटी धरली. धुळ्यात स्वतःच्या हाताने शब्द पेटीत भरला आणि चिठ्ठी आबांच्या स्टोव्हवर जाळली. आबा बघत होते. त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "ताई, पन या डबाले समजस कसं, की मी मीच शे?"

मी म्हटलं, "आबा, तो शब्द या डब्यात आहे ना, म्हणून."

"म्हंजे डबाले डबा वयखस," ते म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला गेले.

मला तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं. डब्याला डबा ओळखतो. बरोबरच होतं की.

त्याच वेळी नानांनी आणखी एक नियम केला. रिपोर्टवर नाव टाकायचं नाही, फक्त क्रमांक. कुणाचा कोणता क्रमांक ते आबांच्या वहीत. मी त्यांना म्हटलं, हे फार चांगलं केलंत.

सात-आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मी मात्र स्वस्थ नव्हते. दर दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून लॅबच्या मागच्या खोलीत जायचे आणि पेटीची नोंद वाचायचे. धुळे कधी आलं, कधी गेलं, किती वेळा खूण पटली. नाना म्हणायचे, "तुझी पेटी बरी आहे गं, तूच जरा बस." बसायचे आणि परत उठायचे.

मग तो दिवस. लग्नसराईचा उन्हाळा, डांबर पातळ झालेलं. मी दुपारी बाराच्या सुमारास लॅबमध्ये गेले. नाना रिपोर्ट तयार करत होते आणि बऱ्याच दिवसांनी मी त्यांना खुशीत बघितलं. म्हणाले, "रंजनाच्या मुलीचा आलाय. दीड वर्ष झाल्याशिवाय पोरांचं नक्की सांगता येत नाही, आधी आईचंच रक्त बोलत असतं. आता नक्की झालं. पोर निरोगी आहे." रंजना आज धुळ्याला रिपोर्ट घ्यायला येणार होती, शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी तिचं माहेर, तिथून. आबांनी आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की तिची चारची शेवटची गाडी असते.

नाना रिपोर्ट पाठवणार, तेवढ्यात मी माझ्या सवयीने म्हटलं, "एक मिनिट, आबांना फोन करून विचारते, प्रिंटरमध्ये कागद आहे का." सेंटरचा फोन वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. मी समोरच्या झेरॉक्सवाल्याला लावला.

"लाइट सकायपाईन नही शे, ताई," तो म्हणाला. "बठ्ठा बाजार बंद शे. आबाना सेंटरले तं कुलूप शे. आबा कथा गया माले माहीत नही, मी आतेच उनू."

सकाळपासून लाईट नाही. सेंटरला कुलूप. मी फोन ठेवला आणि पेटीकडे बघितलं. धुळ्याचा दिवा हिरवा होता. नोंद वाचली. अकरा वाजून गेल्यावर धुळे आलंय, खूण पटलीय, नवी चावी बनलीय. आता या क्षणीही धुळे तारेच्या पलीकडे हजर आहे.

आधी वाटलं जुनीच नोंद दिसत असेल. पलीकडचा तारेवरून गेला तरी पेटीला ते लवकर कळत नाही, असं व्हायचं तेव्हा. पण नाही, वेळ आजची होती, लाईट गेल्यानंतरची. लाईट नसताना, कुलपाआडची पेटी बोलतेय? म्हणजे पेटी कुलपाआड नाही. कुणीतरी उचलून नेली, किंवा शब्द कुणाच्या हाती लागला. मला ते कॅलेंडर आठवलं. तो शब्द जुना होता, मोडीत काढलेला होता, हे मला पक्कं माहीत होतं, तरी ते कॅलेंडर डोळ्यांसमोरून जाईना.

"नाना, थांबा," मी म्हटलं. "पाठवू नका. पलीकडे आबा नाहीत."

"मग कोण आहे?"

"ते मला माहीत नाही."

नाना उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. "अलका, ती बाई एवढ्या लांबून आलीय. पोरीचा रिपोर्ट चांगला आहे. वाईट असता तर गोष्ट वेगळी."

"नाना, चांगला आहे की वाईट, ते पेटीला माहीत नसतं. तारेवर आज कुणी दुसरा असेल, तर पुढच्या प्रत्येक रिपोर्टला तो असेल. मागच्या वेळी काय झालं ते तुम्हीच मला सांगितलंत."

हे बोलले आणि लगेच वाटलं, हे बोलायला नको होतं. नानांचा चेहरा पडला. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "तुला कळतं यातलं. तू म्हणशील तसं."

मी जळगावच्या पेटीतून धुळ्याचा शब्द काढून टाकला. हिरवा दिवा विझला. मिनिटाभराने पलीकडून कुणीतरी पुन्हा दार वाजवलं. पेटीने खूण ताडायला घेतली, शब्दच नव्हता, दार बंद. पुन्हा वाजवलं. पुन्हा बंद. मी नोंद बघत खोलीत येरझारा घालत होते. साडेतीनपर्यंत तो जो कोण होता तो चाळीसएक वेळा आला. मला त्याची भीती वाटत होती आणि रागही येत होता. मनात म्हणत होते, किती निर्ढावलेला आहे मेला.

सेंटरचा फोन मी दर पंधरा मिनिटांनी लावत होते. पाच वाजता तो उचलला गेला.

"आबा! कुठे होतात तुम्ही? पेटी कुठे आहे?"

"आठेच शे," आबा म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता. "ताई, ती बाई सकायपाईन बठेल व्हती. लाइट कवय येई कोनले माहीत? मंग मी बठ्ठा सामान हातगाडीवर टाकं नि मना साडूना मंगल कार्यालयमा लई गऊ. तठे जनरेटर शे. लगीन व्हतं तठे, पन साडूनी ऑफिसमा जागा दिधी. डबा लागना, हिरवा दिवा ऊना. मंग एकदमच बंद पडना. कितला येळा लावा मी, लागनाच नही."

"मला फोन का नाही केला?"

"कसा करू? तठला फोन तं तुना डबालेच लायेल व्हता."

कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर, मोडेम, सगळं हातगाडीवर चादरीखाली झाकून आबा भर उन्हात बाजारातून ढकलत गेले होते. बाजूने रंजना, कडेवर पोर. त्यांना वाटलं, ताईने पेटी दिलीय, पेटी जिथे नेऊ तिथे धुळे. आणि तसंच होतं! पेटीने सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. पलीकडे धुळंच होतं, आबाच होते. चाळीस वेळा दार वाजवणारे आबा होते. कुणाच्या शब्दावर विसंबावं लागू नये म्हणून मीच ती यंत्रं बसवली, आणि त्या यंत्रांनी खरं सांगितलं तेव्हा मीच विश्वास ठेवला नाही.

"आणि रंजना?"

"तिनी गाडीनी येय व्हयी गई. तिले वाटनं, रिपोर्ट वाईट शे म्हनीसनच दी नही राहिनात. मी लाख सांगं, डबा बंद पडेल शे. ती रडत रडत गई. म्हने, आते मी येवाव नही."

माझं चुकलं का? आजही मला सरळ उत्तर देता येत नाही. पेटी खरंच चोरीला गेली असती तर लोकांनी मला शहाणी म्हटलं असतं. आता मी हे काम मुलांना शिकवते, आणि परीक्षेत त्यांनी माझ्यासारखंच केलं तर मी त्यांना पैकीच्या पैकी देईन. पण त्या संध्याकाळी मला फक्त एवढं कळत होतं की एक बाई आपली पोर मरणार असं समजून शिरपूरच्या गाडीत बसली आहे, आणि ते खोटं आहे, आणि खरं काय ते माझ्या समोरच्या टेबलावर पडलंय.

टपालाने पाठवायला नानांनी नकार दिला. खेड्यात लॅबच्या नावाचं पाकीट आलं की ते किती हातांतून फिरतं, हे आम्हाला आता शिकवायला नको होतं. ती पुन्हा येईल म्हणून आम्ही वाट बघितली. आली नाही. आठव्या दिवशी मी नवा शब्द चष्म्याच्या डबीत आणि रिपोर्ट पिशवीत घालून धुळ्याला गेले. शब्द पेटीत भरला. आबांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "चाल ताई, तिनं माहेर मी दखेल शे."

शिरपूरला गाडी बदलली. पुढच्या गाडीत टोपल्या, कोंबड्या आणि मोहाच्या फुलांचा वास. सबंध रस्ता मी पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. गावाच्या तोंडाशी एकाने विचारलं, कोणाकडे आलात. आबांनी न अडखळता सांगितलं, "मी रंजनाना मामा शे." मी खाली बघत होते.

रंजना घरात नव्हती. बाप, भाऊ घरात, आणि ती वावराच्या बांधावर कुडाच्या खोपटात. तिची ताटली, तिचा माठ, सगळं तिथे वेगळं. माहेरच्यांनी हाकललं नव्हतं, एवढंच. सोनी, म्हणजे तिची मुलगी, मातीत बसून मक्याच्या कणसाची पानं सोलत होती. गुटगुटीत पोर. आम्हाला बघून रंजना उठली नाही.

मी तिच्या समोर बसले. कागद काढला. कागद इंग्रजीत, तिला अक्षरओळखही जेमतेम. हळू आवाजात सांगितलं, "रंजना, सोनीला काही नाही. ती निरोगी आहे. तुझा आजार तिला आलेला नाही."

मी पुन्हा सांगितलं. मग तिने आबांकडे बघितलं. आबांनी होकाराची मान हलवली. तिने सोनीला ओढून घेतलं आणि तिच्या डोक्यात तोंड खुपसलं. मला वाटलं आता ती शांत होईल. पण तिने वर बघितलं तेव्हा ती चिडलेली होती.

"हाई तुमले कवय समजनं?"

"त्याच दिवशी," मी म्हटलं.

"मना वाईट कागद एक दिनमा बठ्ठा गावले समजना," ती म्हणाली. "हिना चांगला कागद आठ दिन कुलूपमा व्हता?"

तारा, शब्द, खूण, हातगाडी, सगळं तोंडाशी आलं आणि गिळलं. मी म्हटलं, "हो. माझ्यामुळे."

तिने सोनीला कडेवर घेतलं आणि माझा दंड धरला. "चाल. आते गावना मोरे वाच."

मी हबकले. म्हटलं, रंजना, हे असं कुणाला सांगायचं नसतं, हे तुझं स्वतःचं आहे. ती म्हणाली, "मनं शे, म्हनीसनच सांगस. वाच." सोनीला गावात कुणी उंबऱ्याला हात लावू देत नव्हतं, हे मला आबांनी वाटेत चालता चालता सांगितलं.

हापशावर आठदहा बाया होत्या, पलीकडे लिंबाखाली तीनचार म्हातारे. रंजनाला येताना बघून हंडे मागे सरकले. मी मधोमध उभी राहिले. आयुष्यभर कागद लोकांच्या नजरेआड कसे ठेवायचे ते शिकले होते, आणि आता तोच कागद सगळ्यांपुढे उघडला. मी मोठ्याने वाचलं. पोर निरोगी आहे. तिच्या रक्तात तो आजार नाही. तिच्या हातचं खाऊन, तिच्या जवळ बसून कुणाला काही होत नाही. आईच्याही हातचं पाणी पिऊन काही होत नाही, हेसुद्धा माझ्या पदरचं जोडून दिलं.

लिंबाखालच्या एका म्हाताऱ्याने हात पुढे केला. शाळा शिकलेला असावा. कागद उलटसुलट बघून म्हणाला, "आठे तं पोरनं नावच नही. आकडा शे नुसता. हाई हिनाच कागद शे, कसावरून?"

नाव नव्हतं. असू नये म्हणूनच आम्ही काढलं होतं. मी क्रमांकाचं, वहीचं सांगायला तोंड उघडलं, पण आबा पुढे झाले. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, म्हाताऱ्याच्याच गुडघ्यावर कागद ठेवला, आकड्यापुढे सोनीचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. "सुई मी टोची," ते म्हणाले. "रगत मी काढं. मी सांगस, हिनाच शे."

म्हातारा आबांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने कागद मला परत दिला. हापशाच्या ओट्यावर बसलेली एक आजी म्हणाली, "जोरमा वाच वं माय, माले ऐकू येत नही."

मी तिच्या कानाजवळ वाकून पुन्हा वाचलं, या वेळी नावासकट. ती तोंड उघडं ठेवून ऐकत होती. ऐकता ऐकताच तिने हात लांब केला, रंजनाच्या कडेवरून सोनीला उचललं आणि आपल्या मांडीवर बसवलं. बाजूच्या बाईने पोरीच्या हाताला लागलेली माती आपल्या पदराने पुसली. कुणीतरी भुईमुगाच्या शेंगा आणून तिच्या ओंजळीत ठेवली.

रंजना ओट्याशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नाही.